चाळीची गॅलरी रंगवताना

कॉमिकच्या सहा चौकटींच्या पानात पूर्ण बॅकग्राउंड मी फक्त दोनच चौकटींत काढते: पहिलीत, म्हणजे जागा कळते, आणि पात्र जिथे जागा बदलतं तिथे. बाकी ठिकाणी कठड्याचा तुकडा, दोरीवरचं धुणं किंवा नुसता सपाट रंग पुरतो.

चाळीची गॅलरी घ्या. सुरुवात क्षितिजरेषेपासून, ती म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. बघणारा त्याच मजल्यावर उभा असेल, तर त्याच्याएवढी उंच सगळी माणसं, जवळची असोत की टोकाची, त्यांचे डोळे याच रेषेवर येतात. लहान-मोठं होतं ते डोळ्यांपासून पायांपर्यंतचं अंतर. हे चुकलं की लांबचा माणूस हवेत तरंगतो, आणि ती चूक रंगाने झाकली जात नाही.

कठड्याचे खांब अंदाजाने काढले तर हमखास समान अंतरावर पडतात आणि चित्रातला लांब-जवळपणा मरतो. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या बरोबर मध्यातून तिरकी रेघ ओढायची. ती खालच्या रेषेला जिथे भिडेल तिथे तिसरा खांब, पुढचेही तसेच. कठड्याची वरची कड पात्राच्या हनुवटीला चिकटू देऊ नका. वर तरी न्या, नाहीतर खाली.

शाई करताना जवळच्या वस्तूंना ०.५ चं पेन, मधल्यांना ०.३, मागच्यांना ०.१. पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करते. जुना लॅपटॉप दमत असेल तर रंगाची फाइल ३०० वर आणावी. मग ए४ पान २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं.

रंग क्रिता या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. ‘कलर टू अल्फा’ने कागदाचा पांढरा काढून रेषांचा लेयर (थर) वर ठेवते, खाली सपाट रंग. स्कॅन केलेल्या रेषेची कड करडी असते, त्यामुळे बादलीने ओतलेला रंग तिच्याअलीकडेच थांबतो आणि पांढरी किनार उरते. म्हणून फिल टूलमध्ये (म्हणजे त्याच बादलीत) निवड २-३ पिक्सेलने वाढवायची. सपाट रंगाच्या ब्रशचं अँटी-अलायझिंग (कड मऊ करणं) बंद ठेवायचं, नाहीतर नंतर तोच भाग एका क्लिकमध्ये स्वच्छ निवडता येत नाही.

सावलीला काळा वापरत नाही, चित्र मळकट होतं. फिकट जांभळट करड्याचा एक लेयर ‘मल्टिप्लाय’ मोडवर (तो खालचे रंग गडद करतो) ठेवला की काम होतं. तो ‘इनहेरिट अल्फा’ने (ग्रुपमध्ये खाली जिथे रंग आहे तिथेच दिसण्याची सोय) पात्रापुरता बांधायचा असेल तर पात्राचे लेयर वेगळ्या ग्रुपमध्ये हवेत. पांढऱ्या पार्श्वभूमीचा लेयर त्याच ग्रुपमध्ये खाली राहिला तर सावली पानभर पसरते, आणि नवखा माणूस तासभर सेटिंग शोधत बसतो.

रंग निवडण्याआधी खरा प्रश्न उजेड-अंधाराचा. सर्वांत वर करड्या रंगाचा लेयर ‘कलर’ मोडमध्ये टाकला की पान कृष्णधवल दिसतं. त्यात पात्र भिंतीत विरघळलं, तर लाल साडी कितीही लाल करा, ती मागेच राहणार. मग भिंत उजळ करते, लांबच्या खोल्यांचा काळेपणा कमी करते आणि मागच्या रेषा काळ्याऐवजी गडद तपकिरी.

छापायचं असेल तर चारही बाजूंना ३ मिमी जास्तीचं चित्र हवं. स्क्रीनवरचा झगझगीत निळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) जांभळट-मंद होतो, तेव्हा सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छापील रंग स्क्रीनवरच दाखवणारी सोय, सुरुवातीलाच चालू करावं. फुग्यातली अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत. चार शायांचा काळा वापरला तर प्लेट जराशी सरकली तरी बारीक अक्षरांना रंगीत झालर येते.