साखर देण्याआधीचं रक्त

काकू आमच्याकडे आल्या त्या फिटच्या गोळ्यांची पिशवी घेऊन. दीड वर्ष पहाटे घाम फुटायचा, बरळायच्या, कधी शुद्ध जायची. जुन्या फाइलमध्ये शुगर ३८, ४१, ३४, आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘२५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं’. ही साखर देण्याआधी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) तपासायला रक्त एकदाही कुणी घेतलं नाही. दोन मिनिटांचं काम! त्याचा राग अजून जात नाही.

त्या रात्री पावणेतीनला सिस्टरांचा फोन आला, ग्लुकोमीटरवर ३६. डेक्स्ट्रोजची सिरिंज भरून उशाशी ठेवली आणि आधी रक्त घेतलं. इतक्या खालच्या आकड्याला ग्लुकोमीटरवर भरवसा नाही, म्हणून ग्लुकोजची नळी वेगळी. इन्सुलिनची नळी बर्फात. रक्त सावकाश ओढलं, कारण तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं एन्झाइम इन्सुलिन खाऊन टाकतं. मग डेक्स्ट्रोज. काकूंनी डोळे उघडले आणि विचारलं, “म्हशी सोडल्या का?”

इन्सुलिन, सी-पेप्टाइड दोन्ही चढलेले, म्हणजे साखर इतकी खाली असतानाही शरीरच इन्सुलिन ओतत होतं. सीटीत स्वादुपिंडाच्या शेपटाला गाठ, यकृतात दोन्हीकडे ठिपके. दहातले नऊ इन्सुलिनोमा, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या गाठी, साधे असतात, गाठ काढली की माणूस बरा होतो. हा दहावा होता, यकृतात पसरलेला.

ऑक्ट्रिओटाइड मी आधी ५० मायक्रोग्रॅमच दिलं आणि शेजारी बसून राहिले. ते इन्सुलिन दाबतं, तसंच साखर वर आणणारं ग्लुकागॉनही दाबतं. गाठीवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागा, कमी असतील, तर साखर उलट घसरते. तासाभरात ५२ वर घसरली. महिनाभर पुरणारं इंजेक्शन सुरुवातीलाच टोचलं असतं तर, हा विचार आजही पोटात गोळा आणतो. गाठीला आतून किरण देणारं ल्युटेशियम-१७७ आपल्याच ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं, पण त्यालाही चिकटायला तेच रिसेप्टर लागतात आणि ते दाखवणारा काकूंचा डोटाटेट स्कॅन फिका आला. शेवटी एव्हरोलिमस, कॅन्सरची गोळी. एरवी साखर वाढवतं म्हणून ज्याच्या नावाने बोटं मोडतो, तोच त्याचा गुण इथे हवा होता. तोंड फोडांनी भरलं, पण दहाव्या दिवशी ड्रिप सुटली.

दीड वर्षापूर्वी यकृत स्वच्छ असतं का? आमचे सर्जन म्हणतात, सांगता येत नाही. मला तेवढ्याने झोप लागत नाही.

काका मात्र तेव्हापासून रोज रात्री दोनचा गजर लावून त्यांना उठवून गूळ-भाकरी भरवत होते. इतक्या डॉक्टरांपैकी एकानेही त्यांना विचारलं नव्हतं, का भरवता म्हणून.

घरी जाताना त्यांनी विचारलं, “मॅडम, आता गजर बंद करू?”

“इतक्यात नको, काका.”