सात घरांचे मालक शेकरूशेठ

आषाढातला दमट दिवस. जलरंगाच्या चित्रवहीत आज शेकरू, म्हणजे आपली रानातली मोठी खार.

राज्यप्राणी म्हणून छापील चित्रांत तो कायम फांदीवर शहाण्यासारखा बसलेला दिसतो. इथे मात्र उलटा लटकलाय. मागच्या पायांनी फांदी पकडलेली, आणि पुढच्या पायांत जांभळाऐवजी किल्ल्यांचा जुडगा. ही पोझ खरीच आहे. शेकरू खाताना असाच लटकतो, म्हणजे पुढचे दोन्ही पाय मोकळे राहतात. फांदीच्या एका अंगाला धड, दुसऱ्या अंगाला शेपूट, झाला तराजू.

जुडग्याची गोष्टही त्याच्या सवयीतूनच आली. एकच शेकरू काटक्या-पानांची बरीच गोल घरटी बांधून ठेवतो, तीही उंचावर, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, जिथे जड शिकारी पोचत नाही. तेव्हा आमचे शेकरूशेठ भीमाशंकरच्या रानात सात घरांचे मालक. भोगवटा प्रमाणपत्र एकाचंही नाही. घरट्याला मुळात दार नसतं, पण शेठनी हौसेनं सात कुलपं घेतली, आणि आता रोज संध्याकाळी कुठली किल्ली कुठल्या घराची यावर डोकं खाजवत बसतात. पाचव्या घरात हरियालाचं, म्हणजे हिरव्या कबुतरांचं, जोडपं भाड्यानं राहतं. भाडं थकलंय. पण शेठ राज्यप्राणी, भाडेकरू राज्यपक्षी. कोण कोणाला बाहेर काढणार?

प्राण्याला नुसता चष्मा नि टोपी चढवली की गंमत होते, असं समजणाऱ्यांची चित्रं दुसऱ्यांदा बघवत नाहीत. प्राणी नीट काढलेला असला तरच किल्ल्या शोभतात. शेकरूचं डोक्यासह धड 35 ते 40 सेंमी आणि शेपूट त्याहून मोठी, 60 सेंमीपर्यंत. ए4 कागद उभा धरला तर धड 9 सेंमी, शेपूट 13. इथे हात आखडला की अंगणातली खार तयार होते. धड-शेपूट दोन्ही खाली लोंबणार, म्हणून फांदी वरच्या कडेपासून 7 सेंमीवर.

कागद 300 जीएसएम (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत), सुती. किल्ल्या आणि मिशा आधी मास्किंग फ्लुइडनं (रंग लागू न देणाऱ्या, नंतर खरवडून काढायच्या रबरी द्रवानं) झाकायच्या. ब्रश जुना घ्यायचा, साबणात बुडवून, नाहीतर केस चिकटून ब्रश कामातून जातो. फ्लुइडवर हेअर ड्रायर मारायचा नाही आणि कागद आतून ओलसर असताना ते खरवडायचं नाही. किल्लीसोबत कागदाचा पापुद्राही निघतो. या हवेत वरून कोरडा वाटणारा कागद आत ओला असतो. हाताची मागची बाजू टेकवून बघावी. गार लागला तर थांबावं.

पोट सोडून अंगभर यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) पातळ हात. ओल्या रंगाची चकाकी असताना दुसरा रंग घातला तर तो वाट फुटेल तिकडे पळतो. चकाकी नुकतीच गेली की पाठीवर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) सोडायचा. कडा आपोआप लोकरीसारख्या मऊ होतात. पाठीची गडद बाजू दोन भाग सिएना, एक भाग अल्ट्रामरीन निळा. ट्यूबमधला काळा नको, अंग मेल्यासारखं दिसतं. शेपटीचं टोक फिकट ठेवायचं. तिथे नुसतं पाणी फिरवून गडद रंग बुंध्याकडून येऊ द्यायचा.

त्याच वेळी ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असलं तर ते अर्धवट वाळलेला रंग ढकलत नेतं आणि पाठीवर दातेरी कडांचा डाग, म्हणजे फुलकोबी, उमटते. ओल्यात घासून ती वाढतेच. पूर्ण वाळू द्यावी, मग ओलसर ताठ ब्रशनं कडा भिजवून टिश्यूनं टिपावी. सिएना बऱ्यापैकी उचलला जातो. अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल मात्र कागद धरून बसतो, म्हणून पाठीवरची लालसर झाक सगळ्यात शेवटी.

डोळ्यातला पांढरा ठिपका ही खरी मेख. डोकं खाली असलं तरी उजेड आभाळातूनच येतो, त्यामुळे ठिपका हनुवटीच्या बाजूला पडतो, कपाळाच्या नाही. सुलट शेकरू काढून कागद उलटा फिरवला की इथेच चोरी पकडली जाते. सावलीचंही तेच.

धुकं म्हणजे सिएना-अल्ट्रामरीनचा अगदी पाणीदार राखाडी. घरटी तीनच दिसतात, बाकीची कागदाबाहेर.

हरियालाचे पिवळे पाय अगदी शेवटी, कोरड्या कागदावर, लेमन यलोनं. ओल्या हिरव्याला टेकले तर तेही हिरवट होतात. मग तो कुठलाही हिरवा पक्षी वाटतो, आणि भाडं थकवलंय राज्यपक्ष्यानं हे कोणाला कळणार?