दवाखान्यासाठी टोपडी, आश्रमशाळेसाठी ब्लँकेट

दानासाठी विणायचं ठरलं की बहुतेकांचा हात आधी मोठ्या रंगीत ब्लँकेटकडे जातो. हिशेब मांडून बघा. एका माणसाच्या ब्लँकेटला किलो-सव्वा किलो लोकर लागते. एवढी लोकर नव्याने विकत घ्यायची, तर त्या पैशांत बाजारातून तयार ब्लँकेटं बहुधा एकापेक्षा जास्तच येतील. उलट २८ आठवड्यांत जन्मलेल्या बाळाच्या डोक्याला बसेल अशी टोपी दुकानात शोधून बघा. 'न्यू बॉर्न' लिहिलेली टोपी त्या बाळाच्या डोळ्यांवरून खाली घसरते. म्हणून माझं मत साफ आहे: बाजारात जे मिळत नाही ते विणावं. ब्लँकेट करायचंच असेल तर घरात साठलेल्या उरल्यासुरल्या लोकरीचं करावं.

सुया हातात घेण्याआधी एक फोन. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या विभागाला (तिथे सगळे एसएनसीयूच म्हणतात) फोन करून सिस्टर इनचार्जना विचारा: बाहेरचे कपडे घेता का, कुठल्या मापाच्या टोप्या कमी पडतात, धुलाई कशी होते, टोपी बाळासोबत घरी जाते की पुन्हा वापरात येते. काही ठिकाणी संसर्गाच्या भीतीने बाहेरचं काहीच घेत नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे, हुज्जत घालू नये. न विचारता विणलं की काय होतं त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. फिलिप बेटाजवळ २००१ साली तेलगळती झाली आणि 'लिटल पेंग्विन' या लहान जातीचे ४३८ पेंग्विन तेलात माखले. चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात जाऊ नये म्हणून त्यांना विणलेले स्वेटर घालतात. हे कळल्यावर जगभरातून इतके स्वेटर येऊन पडले की शेवटी तिथल्या पेंग्विनांची काळजी घेणाऱ्या संस्थेला 'आता पुरे' म्हणावं लागलं. पेंग्विन थोडे आणि स्वेटर ढीगभर.

टोपीची गरज कशासाठी, तेही समजून घ्या, म्हणजे मापात चूक होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते आणि शरीराच्या मानाने डोकं मोठं असतं, त्यामुळे डोक्यातून बरीच ऊब निघून जाते. कोलंबियातल्या बोगोता शहरात १९७८ च्या सुमारास सुरू झालेली कांगारू मदर केअर आता आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही चालते. बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं धरायचं. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. खोली गार असेल तर समोरून उघडी, बिनबाह्यांची सुती बंडी. ही बंडी विणू नका, जुन्या मऊ मलमलीची शिवा. लोकरीचं जाड अंग मध्ये आलं तर आईची ऊब बाळापर्यंत पोचायची कशी? सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) असलेल्या बाळाला नळी धरून ठेवणारी त्या यंत्राची वेगळी टोपी लागते. तीही आपल्या कामाची नाही.

लोकर आणायला गेलात तर लेबल वाचा. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारा बराचसा माल ॲक्रिलिक असतो, आणि दवाखान्यासाठी तेच बरं. खरी लोकर गरम पाण्यात आणि यंत्रात आटते. दोन धुण्यांत टोपीचा नमदा होतो. सुती धागा कातडीला उत्तम, पण त्याला ताण नसतो, टोपी एकदा सैल झाली की झाली, आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. मोहेर किंवा केसाळ फॅन्सी लोकर अजिबात नको, त्याचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जातात. लेबल हरवलेल्या धाग्याच्या गुंडीचं काय करायचं? चार बोटं धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली, तर लोकर. वितळून काळा टणक मणी झाला, तर ॲक्रिलिक. कागद जळल्याचा वास आला, तर सुती.

सुयांच्या नंबरात फसायला होतं. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर चालतात: नंबर वाढला की सुई बारीक. दहा नंबर म्हणजे ३.२५ मिमी, आठ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकन नमुन्यात 'दहा' लिहिलं असेल तर ती ६ मिमीची जाडजूड सुई असते. इंटरनेटवरून नमुना घेताना नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

आता टोपी. चार पदरी बेबी लोकर, दहा नंबरच्या सुया. आधी ३० टाक्यांचा तुकडा विणून मोजा: १० सेंटिमीटरला २८ टाके बसले पाहिजेत. २५ बसत असतील तर अकरा नंबरची सुई घ्या. 'चार पदरी' म्हणून विकली जाणारी लोकर सगळ्या गिरण्यांची सारखी नसते, त्यामुळे हा तुकडा टाळून चालत नाही.

बाळाच्या डोक्याचा घेर २८ आठवड्यांना साधारण २६ सेंमी, ३२ ला २९-३० आणि ३६ ला ३३ च्या आसपास असतो. टोपी घेरापेक्षा तीन-चार सेंमी लहानच विणायची, ती ताणून बसते. म्हणून तीन मापांना अनुक्रमे ६६, ७४ आणि ८२ टाके घाला. यातले दोन टाके शिवणीत जातात. टाके घालताना दोन सुया एकत्र धरा. घट्ट घातलेली पहिली कडा कपाळावर वळ उठवते, आणि अशी टोपी परत येते. पहिले तीन सेंमी दोन सुलट, दोन उलट. सुरुवातही दोन सुलटने आणि शेवटही दोन सुलटने. पुढे एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट. कडेपासून लहान मापाला ७, मधल्याला ८ आणि मोठ्याला ९ सेंमी झालं की माथा घटवायला घ्या.

६६ टाक्यांसाठी: पहिला टाका सुलट, मग 'सहा सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून एक)' असं आठ वेळा, शेवटचा टाका सुलट. सुईवर ५८ राहतात. परतीची सुई सगळी उलट. पुढे दर सुलट सुईला मधले सुलट टाके एकाने कमी करत जा: पाच, चार, तीन, दोन, एक, आणि शेवटी नुसतेच दोनाचा एक. टाके ५०, ४२, ३४, २६, १८, १० असे उतरले पाहिजेत. आकडा जुळला नाही तर त्याच सुईला थांबून शोधा. पुढे जाऊन तो माथ्यावर फुगवटा म्हणून दिसतो. ७४ टाक्यांना 'सात सुलट'पासून आणि ८२ ला 'आठ सुलट'पासून सुरुवात. परतीची सुई न विणता धागा हातभर ठेवून कापा, उरलेल्या दहा टाक्यांतून दोनदा ओवा, खेचा आणि त्याच धाग्याने बाजू शिवा. शिवण काठाला काठ भिडवून सपाट करायची. आत उंचवटा राहिला तर बाळ त्यावरच कूस करून निजतं आणि पातळ कातडीवर व्रण येतो. मोज्यांच्या चार सुयांवर गोल विणता येत असेल तर फारच छान. तेव्हा ६४, ७२, ८० टाके घाला आणि कडेचे ते एकेक टाके सोडून द्या. एका टोपीला १५ ग्रॅमपेक्षा जास्त लोकर लागत नाही.

गोंडा नको, बटण नको, रिबन नको, बंद नको. गोंडा देखणा दिसतो हे कबूल, पण बाळ उताणं झोपलं की मान पुढे ढकलली जाते, आणि त्याचे तुटलेले धागे तोंडात जातात.

मोजे त्याहून सोपे. टाचेचा खटाटोप करू नका, सरळ नळी विणा. चार सुयांवर २४ टाके, दोन सुलट दोन उलट, १० सेंमी लांब, मग दोनाचा एक करत १२ आणि परत ६ टाके, धागा ओवून बंद. टाच नसल्यामुळे पाय वाढला तरी मोजा सरकत बसतो. इथे जपायचं ते आतल्या बाजूला. सुटा राहिलेला धागा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती आवळला तर रक्तपुरवठा तुटतो, आणि मोजा घातलेला असल्याने ते कुणाला दिसतही नाही. प्रत्येक टोक वेगवेगळ्या दिशांनी तीनदा ओवून आत दडवा, मग मोजा उलटा करून बोट फिरवा. रंगीत नक्षीत आतून जे आडवे धागे सुटतात तेही याच कारणाने मोज्यात चालत नाहीत. जाळीदार वीण तर नाहीच, तिच्यात बोटं अडकतात.

ब्लँकेटकडे येऊ. नंदुरबारकडे तोरणमाळला, मेळघाटात चिखलदऱ्याला डिसेंबर-जानेवारीत चांगलीच थंडी पडते. तिथल्या आश्रमशाळेतल्या मुलाला पुरेल असं ब्लँकेट २० सेंमीच्या ४८ चौकोनांचं होतं, सहा बाय आठ. दहा जणी मिळून करतात तेव्हा भांडण एकच: हिचा चौकोन १८ चा, तिचा २२ चा. सगळ्यांना सारखे टाके सांगितले की हे होणारच, कारण हात सगळ्यांचा सारखा नसतो. त्यापेक्षा कोपऱ्यातून विणायला सांगा. तीन टाके घाला. सगळ्या सुया सुलट, आणि प्रत्येक सुईच्या पहिल्या टाक्यात दोन विणा, एकदा पुढून, एकदा मागून. तिरकी कड मोजत राहा. ती २० सेंमी भरली की प्रत्येक सुईची सुरुवात दोनाचा एकने करा, तीन टाके उरेपर्यंत, मग तिन्हींचा एक. सैल हाताच्या बाईचे मध्यावर ४५ टाके होतील, घट्ट हाताच्या बाईचे ५५, लोकर जाड असो की बारीक, चौकोन २० चाच. सगळ्या सुया सुलट विणल्या की एका टाक्याच्या रुंदीएवढी उंची दोन सुयांत भरते, म्हणून दर सुईला एक टाका वाढवला की कोपरा काटकोनात येतो. एक सुलट एक उलट अशा विणीत हे गणित बसत नाही, तिथे शंकरपाळी होते.

तरीही अर्धा-पाऊण सेंमी फरक राहतो. तो क्रोशाने मोडा. प्रत्येक चौकोनाला एकाच रंगाची मुक्या खांबांची (क्रोशाच्या साध्या आखूड टाक्यांची) एक फेरी घाला: प्रत्येक बाजूला बरोबर ३२, कोपऱ्यात ३. मग मोजायचं काही राहत नाही, खांबाला खांब लावून जोडत जायचं. फेरीसह ब्लँकेट १२५ बाय १६५ सेंमीच्या आसपास भरतं. शेवटच्या काठाला लाटा आल्या तर खांब जास्त झाले, काठ आत वळला तर कमी पडले. दोन्हीत उसवणं हाच उपाय. इस्त्री फिरवून सरळ करू म्हणाल तर ॲक्रिलिक वितळून चपटं होतं आणि पुन्हा फुलत नाही.

अठ्ठेचाळीसात एकही चौकोन खऱ्या लोकरीचा नको. पहिल्या गरम धुण्यात तो एकटाच आटतो आणि आजूबाजूचे आठ खेचून घेतो. देणगीत आलेल्या प्रत्येक अनोळखी चौकोनाचं टोक जाळून बघायला लाज वाटायचं कारण नाही. गडद लाल आणि निळा चौकोन ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून रंग सुटतो का तेही बघा.

द्यायच्या आधी सगळं साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवा. सुवासिक द्रव घालू नका. आणि साठवताना डांबर गोळ्या चुकूनही ठेवू नका. जी६पीडी या द्रव्याची कमतरता असलेल्या नवजात बाळाच्या तांबड्या पेशी डांबर गोळीच्या वाफेनेही फुटतात आणि कावीळ भडकते. गोळ्यांच्या ट्रंकेत राहिलेली लोकर टोप्यांसाठी घेऊच नका, ती ब्लँकेटला वापरा, तीही धुऊन, उन्हात चांगली वारा देऊन.

टोप्या मापाप्रमाणे वेगळ्या करून, पाच-पाचच्या पारदर्शक पिशव्या भरा. पिशवीवर आठवडे आणि घेर लिहा, शिवाय 'ॲक्रिलिक, इस्त्री नको' हेही. चिठ्ठी पिशवीच्या आत ठेवा, टोपीला टाचणी किंवा सेफ्टी पिन लावू नका.