झोपेतले श्वास

रविवारी संध्याकाळी दवाखाना आवरत होते, तेवढ्यात बाहेर एक गाडी करकचून थांबली. आधी आजोबा उतरले आणि त्यांच्या मागोमाग मुलाच्या हातात, ओल्या टॉवेलात गुंडाळलेला टिप्या. टिप्या म्हणजे त्यांचा बारा वर्षांचा कुत्रा. साडेनऊ किलोचा, डाव्या डोळ्याभोवती काळा ठिपका. पिल्लू असताना त्याला पहिली लस मीच टोचली होती. मान ताणून, कोपरं अंगापासून फाकवून, तोंडाने हवा ओढणारा टिप्या मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

“मॅडम, ऊन लागलंय त्याला,” मुलगा म्हणाला. “सहलीला गेलो होतो सगळे. दुपारपासून धाप लागलीय ती थांबतच नाही. वाटेत अंगावर पाणी ओतत आणलाय.”

ऊन लागलेल्या कुत्र्याची धाप अशीच दिसते आणि तिथे उशीर जिवावर बेततो. माझ्या मदतनिसाने मी सांगायच्या आधीच सलाईनची बाटली टांगली. मीही पायावरचे केस काढायला मशीन उचललं. तेवढ्यात थर्मामीटर वाजला. १०१.४.

कुत्र्याचं एरवीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. अर्थात वाटेत पाणी ओतल्यामुळे ताप उतरलाही असेल, म्हणून त्या एका आकड्यावर विसंबता येत नव्हतं. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. उन्हाने तापलेल्या कुत्र्याच्या हिरड्या बहुतेक वेळा लालभडक होतात. याच्या राखाडी होत्या, कडेला निळसर. मग स्टेथोस्कोप लावला. डाव्या बाजूला कोपराच्या मागे ‘लब-डब’ ऐकूच येत नव्हतं, नुसती सलग फुसफुस. नळी वर फुप्फुसाकडे सरकवली, तर कानाजवळ केसांची बट चिमटीत चोळल्यावर येतो तसा बारीक चुरचुर आवाज.

“सलाईन काढ,” मी म्हटलं. “आधी ऑक्सिजन.”

हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप वयाने जाड होते, नीट मिटत नाही. दर ठोक्याला थोडं रक्त उलटं मागे जातं, मागचा दाब वाढत जातो आणि शेवटी फुप्फुसात पाणी झिरपतं. छोट्या चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाचा हाच आजार सगळ्यात जास्त दिसतो. टिप्याच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं आणि आम्ही शिरेतून त्यात आणखी पाणी सोडायला निघालो होतो. ती बाटली पंधरा मिनिटं चालली असती तर काय झालं असतं, हे मला अजूनही नीट आठवून बघवत नाही.

फ्युरोसेमाइडचं, म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं, तोंडाशी ऑक्सिजन धरला. एक्स-रे लगेच काढला नाही. असा जीव टेबलावर आडवा दाबून धरला तर तिथेच जातो. खोलीतले दिवे मंद केले आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं.

आता वाट बघणंच हातात होतं. सहावी-सातवीतली नात भिंतीला टेकून मोबाईल बघत होती. तिची आई रागावली, “आत्ता ते ठेव गं!” पोरगी मुसमुसत म्हणाली, “मी टिप्याचाच व्हिडिओ बघतेय.” सकाळी जाताना गाडीत तो तिच्या मांडीवर झोपला होता, तेव्हाचा. मी सहज वाकून पाहिलं आणि माझी नजर त्याच्या बरगड्यांवर खिळली. घड्याळ लावून मोजलं. पंधरा सेकंदांत तेरा श्वास. म्हणजे मिनिटाला ५२, तेही गाढ झोपेत, सहल सुरू व्हायच्या आधी.

निवांत झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला तीसच्या आत असायला हवेत.

“याच्या झोपेचे आणखी व्हिडिओ आहेत का गं?”

होते, भरपूर होते. दहा दिवसांपूर्वीच्यात ३८. महिन्यापूर्वीच्यात, सोफ्यावर पाय वर करून झोपलेला, २४. घरातल्या कोणी न मोजलेला आजार त्या पोरीच्या फोनमध्ये तारीखवार जपून ठेवलेला होता.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं. सहा महिन्यांपूर्वी वार्षिक लसीला आणला तेव्हा त्याच्या छातीतली फुसफुस मी ऐकली होती. कार्डावर माझ्याच अक्षरात ‘मर्मर’ लिहिलेलं आहे. बाहेर सात-आठ जण ताटकळले होते. मी म्हटलं, “वय झालंय, लक्ष ठेवा.” त्यांनी ठेवलं की! खातो का, फिरतो का, शेपूट हलवतो का, सगळ्यावर ठेवलं. लक्ष नेमकं कशावर ठेवायचं ते मी सांगितलंच नव्हतं. हृदय वाढलेलं आहे पण त्रास अजून सुरू झालेला नाही, अशा ३६० कुत्र्यांवर झालेला एपिक नावाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या टप्प्यावर पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू केलं तर हार्ट फेल्युअर सुमारे १५ महिने लांबतं, असं त्यात दिसलं. हे मला माहीत होतं. त्या दिवशी एक एक्स-रे काढायला सांगायचा होता, एवढंच.

चाळीसेक मिनिटांनी टिप्याने टेबलावरच लघवी केली. भलंमोठं तळं. मदतनीस फडकं आणायला धावला आणि मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. औषध लागू पडत होतं, पाणी वाटेला लागलं होतं. श्वास ६४वरून ४४वर आले. थोड्या वेळाने त्याने पुढचे पाय पसरले आणि हनुवटी टेकवली. श्वास कोंडलेला कुत्रा आडवा होत नाही, बसूनच राहतो. त्याने हनुवटी टेकवली म्हणताच मीही खुर्चीत बसले.

तेव्हा आजोबा बोलले. “मीच हट्ट धरला मॅडम. पोरं म्हणत होती, त्याला घरी ठेवू, दगदग होईल. मी म्हटलं, पुढच्या वर्षी असेल-नसेल, येऊ दे त्याला. माझ्यामुळे झालं हे.”

“नाही काका,” मी म्हटलं. “सहलीने दोन दिवस अलीकडे आलं असेल, इतकंच. सहलीला गेला नसता तर घरी मध्यरात्री झालं असतं, तुम्ही सगळे झोपेत असताना.” आणि मग त्यांना कार्ड दाखवलं, सहा महिन्यांपूर्वीचा तो शब्द दाखवला. मुलगा ते बराच वेळ बघत राहिला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, “आता काय करायचं ते सांगा.”

सांगितलं, या वेळी खुर्चीत बसवून. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हृदय चांगलंच मोठं झालं होतं. हा आजार बरा होत नाही, गोळ्या आता जन्मभराच्या, हेही स्पष्ट बोलले. पिमोबेंडन जेवणाच्या तासभर आधी द्यायचं. पाण्याचं भांडं कधीही रिकामं ठेवायचं नाही, कारण लघवीच्या औषधाने तहान वाढणारच. आणि रोज रात्री झोपेतले श्वास मोजायचे. छाती वर-खाली झाली की एक. आकडा तीसच्या वर गेला तर शांतपणे पुन्हा मोजायचा, तरीही वरच असेल तर मला फोन, वेळ कुठलीही असो. नातीकडून माझ्यासमोर तीनदा मोजून घेतलं. आता लसीला आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरच्यांकडून मी हे करवून घेते, बाहेर कितीही गर्दी असली तरी.

तीन आठवड्यांनी टिप्या स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आला. आजोबांच्या हातात रेघा मारलेली वही होती. तारीख, वेळ, आकडा. २३. २१. २४. २२. मोजणी नातीची, अक्षर आजोबांचं. एका रात्रीपुढे ३६ लिहून खोडलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात नोंद होती : ‘स्वप्नात पळत होता. थांबल्यावर पुन्हा मोजले. २३.’