कॅबर्ने कधी उघडायची?

आधी सरळ उत्तर देते. वीस-पंचवीस डॉलरची कॅबर्ने सोव्हिन्यो, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाईन, साठवून ठेवू नका. ती दुकानात येते तीच प्यायला तयार होऊन. लेबलवरच्या सालापासून चार-पाच वर्षांत संपवावी, कारण पुढे फळाचा वास विरतो आणि त्याच्या जागी नवं काही येत नाही. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याच्या चांगल्या बाटलीला मात्र आठ ते पंधरा वर्षं द्यावीत. फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पोयाक किंवा सँ-एस्तेफ गावची, चांगल्या सालातली असेल, तर दहा वर्षांच्या आत तिला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण द्राक्षाच्या सालीत आहे. कॅबर्नेचं द्राक्ष बारीक आणि जाड सालीचं, त्यामुळे रसाच्या मानाने टॅनिन, म्हणजे सालीतलं तुरट द्रव्य, भरपूर. कोवळी वाईन तोंडात घोळवली की कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ कोरडी पडते. बाटलीत वर्षं जातात तसे टॅनिन आणि रंगाचे कण एकमेकांना धरतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरीकडे झुकतो, तुरटपणा मऊ होतो आणि देवदार, तंबाखू, चामडं असे वास वर येतात. पण नुसत्या टॅनिनवर भागत नाही. आंबटपणा आणि फळही तितकंच हवं, नाहीतर फळ आधी जातं आणि नुसता तुरटपणा उरतो.

मी राहते सनीव्हेलला. जवळच, कूपर्टिनोच्या वरच्या डोंगरावर रिज या वायनरीचा माँटे बेलो मळा आहे. मुरण्याबद्दल कुणी शंका काढली की मी त्याचीच गोष्ट सांगते. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाईन-व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाईन चाखायला दिल्या. रेडमध्ये नापाच्या स्टॅग्ज लीप वायनरीची 1973 ची कॅबर्ने पहिली आली, माँटे बेलो 1971 पाचवी. कॅलिफोर्नियाच्या वाईन आत्ता चांगल्या लागतात, पण टिकणार नाहीत, असा आक्षेप निघाला. बरोबर 30 वर्षांनी, 24 मे 2006 ला, त्याच रेड वाईन लंडन आणि नापामध्ये पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला, आणि सगळ्यांत वर माँटे बेलो 1971! पस्तीस वर्षांची वाईन!

अर्थात, बाटली नीट ठेवलेली असेल तरच. 12 ते 14 अंश, अंधार, आणि बूच सुकू नये म्हणून आडवी. पुण्याचा मामेभाऊ नाशिकची कॅबर्ने फडताळात ठेवून विचारतो, "ताई, हिला किती वर्षं ठेवू?" पुण्याचा उन्हाळा बाटलीला सोसत नाही रे. याच आठवड्यात उघड. वाईनचा वेगळा फ्रिज घेतलास, तर मग पुढचं बोलू.

जमलं तर एकाच वाईनच्या तीन बाटल्या घ्याव्यात आणि काही वर्षांच्या अंतराने उघडाव्यात. कुठल्याही तक्त्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. 2013 हे नापाचं दणकट साल, त्यातल्या काही बाटल्या मी अजून राखून आहे. अर्ध्या बाटलीतली वाईन लवकर मुरते, मॅग्नममधली, म्हणजे दुप्पट मोठ्या बाटलीतली, सावकाश, हेही धरून चाला.

जुनी बाटली उघडायच्या आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि ओतताना शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या. कोवळी कॅबर्ने दोन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या सुरईत, काढलेली बरी. जुनीला मात्र इतका वेळ हवेवर ठेवू नका, तिचा वास लवकर उडतो.