हायपो म्हणजे हायपो

दुपारी कंप्युटरवर एक फोटो सारखा करत बसलो होतो. कडक उन्हातला फोटो, त्यामुळे माणसाच्या डोळ्यांखाली सावली. ती उजळायला फोटोशॉपमधलं डॉज टूल घेतलं. त्याचं चित्र म्हणजे दांडीवर बसवलेली काळी चकती. मागून भाचा डोकावला आणि म्हणाला, "मामा, हा लॉलीपॉप कशाला?"

लॉलीपॉप! अरे, पुठ्ठ्याची चकती आहे ती, तारेला चिकटवलेली. तिच्या शेजारचं बर्न टूल म्हणजे बोटं वळवून भोक केलेला हात. माझ्या काकांचा हात अगदी तसाच दिसायचा. हे सगळं मी सांगायला लागलो तोवर भाचा निघून गेला होता. तेही बरंच झालं म्हणा, नाहीतर दुपार गेली असती त्याची.

काका घरीच फोटो छापायचे. रात्री जेवणं आटोपली की न्हाणीघर काकांचं. बादल्या बाहेर, खिडकीला काळं कापड, दाराच्या फटीला सतरंजी, फळीवर निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणारा एनलार्जर आणि खाली ओळीनं तीन ट्रे. डार्करूम हा शब्द ते चारचौघांत वापरत. घरात नुसतं "मी आत आहे" म्हणायचे. एवढं म्हटलं की दाराला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मला आत घ्यायचे ते एका अटीवर, बोलायचं नाही. सेकंद मोजताना बोललं की आकडा चुकतो.

आतला कायदाच उलटा. कागदावर उजेड जास्त पडला की तो काळा होतो, अडवला की गोरा राहतो. म्हणून चेहरा उजळायचा तर चकतीची सावली धरायची, हे डॉज, आणि पांढरंफटक आकाश भरायचं तर बाकीचा कागद झाकून तेवढ्यावरच जादा उजेड सोडायचा, हे बर्न. चकती मात्र सतत हलती हवी, थांबली की कागदावर तिची कड उमटते. त्याआधी टेस्ट स्ट्रिप. कागदाची एक पट्टी घ्यायची, तिच्यावरून दर ५ सेकंदांनी पुठ्ठा थोडा थोडा सरकवायचा आणि धुतल्यावर फिक्यापासून काळ्यापर्यंत चढत गेलेल्या पट्ट्यांतली बरी निवडायची. काका प्रत्येक वेळी दोन पट्ट्यांच्या मधलीच वेळ घ्यायचे. मग पट्टी कशाला काढायची, हे मी कधी विचारलं नाही. बोलायचं नव्हतं ना.

दिवा लाल, कारण साध्या ब्रोमाइड कागदाला निळा उजेड समजतो, लाल समजत नाही. फिल्मला मात्र सगळे रंग समजतात, त्यामुळे रोल टँकच्या रीलवर चढवायचा तो मिट्ट काळोखात, बोटांनी चाचपत. घामट हाताला फिल्म चिकटते, आणि नेमका तेव्हाच हाताला घाम येतो.

डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, काका घरीच कालवायचे. डी-७६. कोडॅकचं हे सूत्र १९२७ पासून चालत आलेलं. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. क्रम मोडायचा नाही. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी ओतलं तर मेटॉल विरघळायला कुरकुर करतं. पाणी शेवटी २० अंशांवर आणायचं. थर्मामीटरकडे काका ज्या नजरेनं बघत, त्या नजरेनं त्यांनी आमची प्रगतिपुस्तकंही कधी पाहिली नाहीत.

आणि तिसऱ्या ट्रेत हायपो, उमटलेलं चित्र पक्कं करणारं द्रावण. दुकानातल्या बाटलीवर फिक्सर लिहिलेलं असतं, कॉलेजातले हुशार लोकही फिक्सरच म्हणत. मला ते अजून खटकतं. हायपो हे नाव तसं चुकीचंच आहे. जॉन हर्शेलला १८१९ साली दिसलं की हे क्षार चांदीचे क्षार विरघळवतात. त्या काळी त्याला हायपोसल्फाइट म्हणत. पुढे रसायनवाल्यांनी नाव सुधारून थायोसल्फेट केलं, पण तोवर फोटोवाल्यांच्या तोंडी हायपो बसलं होतं. ते कोण बदलणार? निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही फोटोच्या कामात आणले हर्शेलनंच. मूळचा खगोलशास्त्रज्ञ माणूस, पण न्हाणीघरातली अर्धी भाषा त्याची. थायोसल्फेट म्हणणाऱ्यानं खुशाल म्हणावं. मी त्याच्याकडून फोटो छापून घेणार नाही.

हायपोनंतरच्या धुण्याला मात्र भारदस्त नाव नाही आणि त्यात गंमतही नाही. चित्र उमटलेलं असतं, पक्कं झालेलं असतं, दिवा लावता येतो, घरचे बघून "छान" म्हणून झोपायला गेलेले असतात. इथून पुढे जाड फायबर कागद तासभर वाहत्या पाण्यात ठेवायचा. कागदाच्या धाग्यांत मुरलेला हायपो निघाला नाही, तर काही वर्षांनी तोच चित्रातल्या चांदीला लागतो. काका हा तास कधी चुकवत नसत. नळाशी स्टूल टाकून पेंगत बसायचे.

आजी गेली त्या रात्री सोडून. तिचा एकटीचा फोटोच नव्हता. एका ग्रुप फोटोत ती कडेला उभी होती, त्यातनं तिला मोठं करायचं होतं, सकाळच्या आत. काकांनी चेहऱ्याला डॉज दिलं. शेजारच्या बाईचा खांदा बर्न करत करत इतका काळा केला की तो मागच्या अंधारात मिसळून गेला. ग्रेन फुटला होता, म्हणजे चित्रातले दाणे दिसत होते, पण आजी आजीसारखी आली. धुवायला पुरता वेळ राहिला नाही.

तो फोटो आता कडांकडून पिवळा पडत गालांपर्यंत आलाय. निगेटिव्ह ठणठणीत आहे, पुन्हा छापता येईल. काकांना दोनतीनदा म्हणून पाहिलं.

"असू दे," म्हणतात. "पाणी कमी पडलं त्याला."