तक्रार ऐकेपर्यंत टाळ थांबत नाहीत

दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. भेटायला येणाऱ्यांनी दुःखाच्या पायऱ्या मला पाठ करून दिल्या होत्या: आधी खरं वाटत नाही, मग राग, मग देवाशी घासाघीस, मग खचणं, शेवटी स्वीकार. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली मांडलेला हा क्रम मुळात मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून सुचलेला. मागे राहिलेल्यांचा तो हिशोब नव्हेच. तरी माझं मन विचारत राहायचं, तू कितव्या पायरीवर?

लोणंदला पंढरीच्या वारीत, माउलींच्या पालखी सोहळ्यात सामील झाले. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व दौडत गेले, टापांखालची माती कपाळाला लावून मी चक्क फुगडी घातली. थोडं पुढे उसाच्या कडेला कुणीतरी दादासारखं खाकरलं आणि मी झटकन मागे वळले. इतक्या महिन्यांनी! पुढचा पल्ला डोळे पुसतच चालले. स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हेच मांडलं होतं: दुःखातलं माणूस दुःखात आणि रोजच्या जगण्यात सारखं येत-जात राहतं. मला ते त्या रस्त्यावर पटलं.

राग मात्र जागचा हलत नव्हता.

तरडगावच्या तळावर समाज आरतीला शेकडो टाळ एकदम घुमत होते. चोपदारांनी चोप उंचावून 'होऽऽ' पुकारलं आणि सगळं शांत झालं. एका दिंडीचे टाळ तेवढे वाजत राहिले. शेजारच्या परभणीकडच्या आजी म्हणाल्या, "त्यांची तक्रार हाय. ऐकून घेईस्तोवर वाजवणार." चोपदार खरंच तिथवर गेले, ऐकून घेतलं, मगच ते टाळ थांबले. माउलींच्या पालखीपुढे, आरतीच्या वेळी तक्रारीला असा मान आहे, हे पाहून मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेवर आजींनी विचारलं, "लेकी, तुझी काय तक्रार हाय?"

"विठ्ठलावर राग आहे, आजी."

"मग भांड की. जनाबाई भांडली, नामदेव भांडले. माझा ल्योक गेला तवा मी दोन वर्सं माळ घातली न्हाई."

मग मी बोलत सुटले. दादाच्या छातीत दोन दिवस दुखत होतं, आम्हाला काळजी नको म्हणून तो गप्प राहिला, आणि विठ्ठलाइतकाच मला त्याचाही राग येतो, हे सगळं पहिल्यांदा कुणापुढे तरी बोलले.